मक्याची कणसं आणि आप्पांची बंदूक

ताटं मांडून झाली, सगळे बसले, तेव्हा प्रत्येकाच्या ताटात एकेक मक्याचं कणीस होतं. फक्त त्या कणसांवर औषधालासुद्धा दाणा नव्हता.

"हे काय गं आई?" ताईने आपल्या ताटातलं कणीस देठाला धरून उचललं.

"कणीस. बागेतली ताजी कणसं खायला या म्हणून बोलावलं होतं ना तुम्हाला? मग घ्या. पाहुणे तुमच्या आधी जेवून गेले, त्याला मी काय करू?"

धाकटा खो खो हसत सुटला. मास्तरीण गालातल्या गालात हसली आणि लगेच पाण्याचा जग उचलून पेले भरायला लागली. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. थोरली सून म्हणून या घरात आली तेव्हाच धाकट्या दिराने तिचं मास्तरीण असं नाव पाडलं होतं आणि आता सासूबाईसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारत. शेजारच्याच्या हातात स्टिअरिंग आणि आपल्या पायाखाली जादाचा ब्रेक, अशी तिची बरीच वर्षं गेली होती. त्यामुळे कोण कुठे वळणार हे तिला जरा आधी कळायचं. आज ताई वळणार होती, हे तिने ताईच्या बसण्यावरूनच ओळखलं होतं.

तिचा नवरा, ज्याला घरात सगळे दादा म्हणत, कणीस डोळ्यांजवळ धरून गोल गोल फिरवत होता. बांधकामं तपासून त्यात खोट काढणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. रविवारीही तो सुटत नसे.

"उंदीर," त्याने निकाल दिला. "चांगले मोठे. दातांच्या खुणा बघा."

"बरं झालं सांगितलंस," सासूबाई म्हणाल्या. "मी उगाच शेजारणीवर संशय घेत होते."

मागच्या गल्लीतली जुनी बेकरी पाडली आणि तिथले उंदीर बिऱ्हाडासकट भिंतीच्या अलीकडे राहायला आले. आधी त्यांनी पेरलेले वाटाणे उकरून खाल्ले. मग स्ट्रॉबेरी. बटाटे जमिनीतल्या जमिनीत पोखरले. भोपळ्याला भोक पाडून आतून असा साफ केला की सासूबाई त्याला उचलायला गेल्या तर तो टोपीसारखा हातात आला. शेवटी मका. ही बाग आप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, निवृत्तीनंतर हौसेने केलेली. ते गेल्यावर सासूबाईंनी ती एक दिवसही आडवी पडू दिली नव्हती.

ताईने कणीस ताटाबाहेर ठेवलं. "आई, आता विषय निघालाच आहे तर बोलूनच टाकते. हे घर आता तुला झेपत नाही. मागच्या पायरीवर पाय घसरला, ते आम्हाला शेजाऱ्यांकडून कळलं. आता हे उंदीर. उद्या एखादा चावला तर? माझ्याकडे चल. लिफ्ट आहे, खाली दुकान आहे, दुकानात मी आहे." ताईचं औषधांचं दुकान होतं, आणि 'दुकानात मी आहे' हे ती असं म्हणायची की अर्धं दुखणं तिथेच पळावं.

"तुझं काय म्हणणं आहे?" सासूबाईंनी दादाकडे बघितलं.

दादाने घसा साफ केला. "ताई म्हणते त्यात तथ्य आहे."

म्हणजे दोघांचं आधीच ठरलं होतं. मास्तरणीला ते ठाऊक होतं. परवा फोनवर नवरा नुसता "हो, हो, बरोबर आहे," करत होता तेव्हा ती शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होती. बहीणभावांच्या गोष्टीत आपण पडायचं नाही, हा तिचा जुना नियम. त्या नियमावर तिचं या घरात छान चाललं होतं.

"उंदरांसाठी घर सोडायचं?" धाकटा मध्येच म्हणाला. तो लग्नांचे फोटो काढायचा, त्याचं निम्मं सामान आईच्या गॅरेजमध्ये असायचं, त्यामुळे त्याचं मत कुठे पडणार हे सांगायला नको होतं. "विष घाला की. ताईच्या दुकानात मिळत असेल."

"विष नाही," सासूबाई म्हणाल्या. "शेजारणीने मागे घातलं होतं. उंदीर मेले ते मेले, ते खाऊन तिचं स्वतःचं मांजर गेलं. आपल्या अक्रोडावर घुबडाची जोडी आहे. उंदरांना खाणारं तेवढंच कोणीतरी आपल्या बाजूचं, त्यालाच मारून टाकू?"

"मग पिंजरा?"

"लावला. शेंगदाणा खाऊन जातात आणि दार लावून घेतात." एवढं बोलून सासूबाई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक घेऊन आल्या. चादर सुटली तशी ताई खुर्चीसकट मागे सरकली.

"आप्पांची छऱ्याची बंदूक!" धाकटा उभाच राहिला. "ही अजून आहे?"

"माळ्यावर होती. तेलपाणी केलंय."

आप्पा धान्याच्या गोदामावर व्यवस्थापक होते. पोती कुरतडणाऱ्या उंदरांसाठी त्यांनी ही बंदूक घेतली होती आणि नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांच्या हातून एकही उंदीर पडला नव्हता. उंदीर हसून हसून मेले असतील तेवढेच, असं ते स्वतःच सांगत.

"आई, तू? बंदूक?" ताई म्हणाली. "या वयात?"

"का? डोळे तूच करून आणलेस ना? मोतीबिंदू काढल्यापासून मला पलीकडच्या गच्चीवरचे चिमटे मोजता येतात. तू खर्च केलास, मग त्याचा उपयोग नको व्हायला?"

मास्तरणीला ठसका लागला. ताईने तिच्याकडे रोखून बघितलं.

"कायद्याचं काय?" दादाने दुसरी बाजू उघडली. "उगाच कोणी तक्रार केली तर?"

"चौकीवर जाऊन विचारून आले. आपल्या आवारात चालेल, छर्रा आवाराबाहेर जाता कामा नये म्हणाले. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनाही सांगितलंय. शेजारीण म्हणाली, आमच्याकडचेही मारा."

सगळी दारं लागली. दादाने कणीस खाली ठेवलं.

जेवणं उरकली आणि सगळे मागच्या बागेत आले. धाकट्याने मातीने भरलेली पोती मागच्या भिंतीला लावून रचली आणि त्यांच्यासमोर रंगाच्या डब्याचं झाकण उभं केलं. दादाचा विरोध कायम होता, पण एखादी गोष्ट चुकीच्या पद्धतीने होताना बघणं त्याला त्याहून असह्य व्हायचं. "सगळे बंदुकीच्या मागे उभे राहा. नळी कायम पोत्यांकडे. ताई, तू पायरीवर." हळूहळू तोच सगळं चालवू लागला.

पहिला बार धाकट्याने मारला. झाकण जागचं हललं नाही. पोत्यांच्या एका बाजूला पालथ्या घातलेल्या बादलीला मात्र भोक पडलं.

"तुझे फोटोही असेच येतात का रे?" ताई पायरीवरून म्हणाली.

मग दादा. त्याने इतका वेळ नेम धरला की धाकट्याने खुर्ची आणायची का विचारलं. बार डावीकडे गेला. दुसरा डावीकडे. तिसरा, पुन्हा तिथेच. दादा पोत्यांपाशी गेला, भोकांवर बोटं ठेवून बघितली आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. "हात चुकत नाहीत. बंदूक चुकते. नेम धरायची माशी सरकली आहे, नेमच वाकडा. आप्पांची सगळी वर्षं यातच गेली!" त्याने आतून बारीक पेचकस आणला, नळीवरचा स्क्रू जरासा फिरवला, बार मारला, परत फिरवला. चौथ्या वेळी झाकण टण्णकन वाजलं आणि दादाने नकळत मूठ वर केली.

"शाबास," ताई कोरडेपणाने म्हणाली. "तू माझ्या बाजूने आहेस ना, की मी चुकीचं ऐकलं?"

दादाने मूठ खिशात घातली.

"आण इकडे," सासूबाई म्हणाल्या.

बंदूक मधोमध मोडून नळी खाली दाबायची, म्हणजे आतली स्प्रिंग ताणली जाते. मग छर्रा भरायचा. सासूबाईंनी नळी धरली आणि दाबली. ती अर्ध्यावर येऊन थांबली. त्यांनी बंदुकीचा दस्ता मांडीवर टेकवला, ओठ आवळले, सगळा भार टाकला. नळी थरथरली आणि परत वर गेली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. त्यांच्या मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या.

ताई पायरीवरून उठली, आणि आता ती हळू आवाजात, मायेने, "बघ आई," म्हणणार हे मास्तरणीला स्पष्ट दिसलं. एकदा ते दोन शब्द बाहेर पडले असते तर त्यांना उत्तर नव्हतं.

मास्तरीण पुढे झाली. सासूबाईंच्या हातातून तिने बंदूक घेतली, एका दाबात नळी मोडली, छर्रा बसवला, नळी बंद केली आणि बंदूक परत त्यांच्या हातात दिली.

"घ्या आई. मागे पोतीच आहेत. सावकाश."

हे सगळं होऊन गेल्यावर तिला कळलं की आपण काय केलं. पाठीवर नवऱ्याची नजर जाणवत होती. ताईची तर त्याहून जास्त.

"तू पण?" दादा पुटपुटला.

"अहो, नुसती नळी मोडली," ती म्हणाली. तिचं तिलाच ते पटलं नाही.

सासूबाईंचा पहिला छर्रा पोत्यात गेला. दुसऱ्याने झाकणाची कड उडाली. तिसरा, चौथा, पाचवा, टण्ण, टण्ण, टण्ण. मास्तरीण भरत होती, त्या मारत होत्या, दोघींचा हात असा बसला की धाकटा झाकण सरळ करायला पळता पळता दमला. "थांबा, मला मध्ये जाऊ द्या आधी!" तो ओरडायचा आणि दोघी नळी खाली करून शहाण्यासारख्या थांबायच्या.

ऊन कललं तसं सासूबाईंनी एका विटेच्या भोकात दाण्याचा कूट आणि गूळ चोपडला. "नुसता टाकला तर तोंडात धरून पळतात. भोकातला चाटायला जागेवर उभं राहावं लागतं." वीट पोत्यांच्या समोर ठेवली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत उशीची वळकटी करून तिच्यावर बंदूक टेकवली. धाकटा ओट्याला रेलला. दादा हाताची घडी घालून मागे उभा राहिला, निरीक्षक म्हणून. ताई बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. तिला यातलं काही बघायचं नव्हतं.

वाट बघता बघता मास्तरणीने हळूच विचारलं, "आई, तुम्हाला ताईंकडे जायचंच नाही का?"

सासूबाईंनी डोळा बागेवरून हलवला नाही. "तुझ्या गाडीत तुझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो ना? शिकणाऱ्याला कसं वाटतं गं?"

"सुरुवातीला बरं वाटतं. मग राग येतो."

"तसंच. ती सगळं मायेने करते, ते काय मला कळत नाही? मागे आठवडाभर गेले होते तर मला खुर्चीतून उठू देईना. परत आले तेव्हा खुरपं धरून हाताला फोड आला. आठवड्यात हात असे होतात. मग कायमची गेले तर माझं काय होईल?"

मागे उभ्या असलेल्या नवऱ्यानेही हे ऐकलं होतं. त्याच्या हाताची घडी सुटलेली तिला खिडकीच्या काचेत दिसली.

भिंतीच्या कडेने काहीतरी सरकलं. उंदीर आला, थांबला, वास घेतला आणि विटेकडे यायचं सोडून रोपांच्या काचेच्या पेटीपाशी जाऊन बसला. चांगला ऐसपैस बसला, मिशा पुसत. सासूबाईंचं बोट चापावर गेलं. मग ते तिथून निघालं आणि सरळ झालं.

"मार ना!" धाकटा कुजबुजला.

"मागे काच आहे."

दादाने रोखून धरलेला श्वास सोडला. मास्तरणीला बोलावंच लागलं नव्हतं.

उंदीर विटेपाशी आला. भोकात नाक घातलं आणि चाटायला लागला. फट् असा आवाज झाला, पुस्तक जमिनीवर पडावं तेवढाच, आणि उंदीर जागच्या जागी आडवा झाला. पायसुद्धा झाडले नाहीत. धाकट्याने आरोळी ठोकायला तोंड उघडलं, तर दादानेच त्याच्या तोंडावर हात ठेवला. "गप्प! दुसरा येतोय." दुसराही तसाच गेला.

पण उजेड उतरत चालला होता. तिसरा आला तेव्हा वीट आणि उंदीर दोन्ही एकाच रंगाचे झाले होते.

"आई, थांबू या आता?"

"दिसतंय मला. भर."

भरू नये असं मास्तरणीला वाटलं, आणि तरी तिने भरली. दुपारभर दोघींचं इतकं छान जमलं होतं की नाही म्हणायला जीभ वळली नाही. बार झाला. उंदीर किंचाळला, उलटा पडला आणि मागचे पाय फरफटत वालाच्या काठ्यांमध्ये शिरला. तिथून त्याचा आवाज येत राहिला, बारीक, सारखा.

सासूबाईंनी बंदूक मास्तरणीपुढे धरली. "भर, लवकर भर."

"दिसतच नाहीये तो, आई. कशावर मारणार?"

तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं. ताई दाराशी उभं केलेलं फावडं घेऊन बाहेर पडली होती. कुणी थांबवायच्या आत ती आपल्या नव्या चपलांनी ओल्या वाफ्यातून तरातरा गेली, काठ्या बाजूला सारल्या, फावडं एकदाच वर गेलं आणि खाली आलं. आवाज बंद झाला.

ती आत आली तेव्हा घोट्यापर्यंत चिखल होता. डोळे भरलेले, आणि संतापलेले.

"हा बार मारायला कोणी सांगितला होता? अंधार पडला होता ना?"

"दिसतंय असं वाटलं," सासूबाई म्हणाल्या.

"वाटलं! आणि तू मास्तरीणबाई? समोरचं दिसेनासं झालं की गाडी थांबवायची, हे तू रोज लोकांना शिकवतेस ना?"

"चुकलं माझं, ताई."

"उंदीर असला म्हणून काय झालं? मारायचा तर एका झटक्यात, नाहीतर हात लावायचा नाही."

"बरोबर आहे तुझं," सासूबाई म्हणाल्या.

आईकडून हे वाक्य ताईने शेवटचं कधी ऐकलं असेल कोण जाणे. ती खुर्चीत बसली. फावडं अजून हातातच होतं.

"उजेड कमी झाला की बंदूक बंद," ती म्हणाली. "कुलपात. एकटीने मुळीच नाही. ही असेल तरच, नाहीतर मी. आणि छर्रा कानाच्या मागे बसला पाहिजे, पोटात नाही."

दादाने डोळे बारीक केले. "म्हणजे, ताई, आई इथेच राहणार असं तुझं म्हणणं?"

"मी असं कुठे म्हटलं?" ताई उसळली. पण म्हटलं होतं, आणि ते स्वयंपाकघरातल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. कोणी हसलं नाही. धाकट्याने सगळी अक्कल एकवटून गप्प राहायचं ठरवलं आणि ते त्याला जमलंही.

"मी खोली रंगवून घेतली गं," ताई आईला म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता. "तुझ्यासाठी."

सासूबाईंनी बंदूक मास्तरणीच्या हातात दिली आणि ताईसमोर खुर्ची ओढून बसल्या. "कुठला रंग दिलास?"

"पोपटी. तुला आवडतो म्हणून."

"खिडकी आहे का?"

"मोठी आहे. सकाळचं ऊन येतं."

"मग येते की. इथल्या कडाक्याच्या थंडीत बागेत काही नसतं, थंडीभर येते राहायला. कुंडीत काहीतरी लावीन म्हणते. वाटाणे पेरायच्या वेळेला मात्र परत."

ताईने नाक ओढलं. "बंदूक आणायची नाही."

"चौथ्या मजल्यावर उंदीर आहेत का?"

"नाहीत!"

"मग ती बिचारी तिथे येऊन करणार काय?"

ताईला हसू फुटलं. ते दाबायला तिने तोंडावर हात नेला आणि चिखल गालाला लागला, तेव्हा धाकट्याचाही बांध फुटला आणि मग कोणीच आवरेना.

दादा बॅटरी शोधायला लागला. भिंतीच्या पायाशी उंदरांची बिळं कुठेकुठे आहेत ते आत्ताच बघायला हवं, नुसते उंदीर मारून काय होणार, बिळं सिमेंटने बुजवली नाहीत तर बेकरीतले बाकीचे येतच राहणार, असं तो कोणी न विचारता सांगत होता. दुपारपर्यंत तो ताईच्या बाजूने होता, याची त्याला आठवणही राहिलेली दिसली नाही. "तू बॅटरी धर," तो धाकट्याला म्हणाला. "आणि सरळ धर, बादलीवर नको." दोघे भांडत बाहेर गेले. आधी त्यांनी तिन्ही उंदीर अक्रोडाच्या पलीकडे पुरले, मग भिंतीच्या कडेने उजेडाचा गोल हलायला लागला.

मास्तरणीने बंदूक कपाटात ठेवून किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. "आई, उद्या मी लवकर येते. शेवटच्या शिकाऊला दुसरी वेळ देते."

"ये. आणि अंधार पडला की मला ओरड."

"ओरडेन."

सासूबाईंनी पातेल्यात कोमट पाणी घेतलं आणि ताईच्या पायाशी बसून तिच्या चपलांचे पट्टे सोडायला लागल्या.

"आई, काय करतेस? ऊठ. मी धुते माझं मी."

"बस तिथेच. चिखल माझ्या बागेचा आहे."

ताईने पाय मागे घ्यायला बघितलं. सासूबाईंनी घोटा घट्ट धरून ठेवला होता. मग ताईने खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं, डोळे मिटले आणि आईला तिचे पाय धुऊ दिले.